चकवरची खडूची खूण

घूंऽऽ, घूंऽऽ. आमच्या लेथचा पहिल्या दिवसाचा आवाज अजून कानात आहे. शाळेत बाई भुजंगप्रयात म्हणून घ्यायच्या तसा एकसारखा, कुठे यतिभंग नाही. तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो. आज एकोणऐंशी पुरी झाली. मी, पूर्वी लेथवर लोखंड कातणारा टर्नर आणि हल्ली नुसताच म्हातारा, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वखुशीने व पुऱ्या शुद्धीत हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. अक्षर वाकडं आहे, कारण हात कापतो. डोकं कापत नाही.

१. राहतं घर व मागची शेड मुलाला. तो म्हणतो, "बाबा, ते लेथचं धूड एकदाचं काढा, माझी गाडी तरी आत लागेल." लागू दे. छप्पर गळतं, तेही त्याच्याच वाट्याला.

२. बँकेत असेल ते सुनेला. माझी औषधं चार वर्षं न विसरता तीच देते. मुलाने रुसू नये.

३. कवितांच्या वह्या रद्दीत घालाव्यात. कोणी वाचील अशी आशा नाही. फक्त दोरी सोडू नये, पानांची ताटातूट होईल.

४. मापं घ्यायचा कॅलिपर समोरच्या घड्याळजींना. उसनी वस्तू पुसून परत करणारा आयुष्यात हा एकच भेटला.

५. लेथ धाकट्या भावाला. याचं कारण लिहिणं भाग आहे.

बावीस वर्षांपूर्वी आम्ही जुना चक बसवला आणि लेथ थरथरू लागला. काम पकडून फिरणारा चक एका अंगाने जड असला की सगळं यंत्र हादरतं. धाकट्याने चक सरळ दांड्यावर चढवून दांडा दोन समपातळीतल्या पट्ट्यांवर ठेवला. अशाने जड बाजू आपोआप खाली येते. त्याने खडूने खूण केली आणि तो वजनाचा तुकडा आणायला गेला. त्याची रीत हलक्या बाजूला वजन जोडायची, म्हणून खूण हलक्या बाजूला. माझी रीत जड बाजूला भोकं पाडून धातू कमी करायची. मला धीर कुठला! खुणेवरच तीन भोकं पाडली. म्हणजे आधीच लघु असलेलं अक्षर आणखी खोडलं. तेलाने खूणही पुसली गेली.

लेथ सुरू केला तर टेबलावरचे लोखंडी पाने नाचत खाली पडले.

"दादा, खुणेवर तर नाही ना पाडलीस?" त्याने विचारलं, तेव्हाच मला उमगलं.

"खुणेच्या बरोबर समोर पाडली. तुझी खूणच चुकली."

"पुन्हा तोलून बघू या."

"हात लावायचा नाही चकला! दिसत नसेल तर चष्मा घे."

त्याने चष्मा घेतला. मग स्वतःच्या हातावरचा भरवसाच गेला त्याचा. सोन्यासारखा कारागीर, परगावी जाऊन गोदामावर पहारा करायला लागला. समोरच्या बाजूला सहा भोकं पाडली असती, तीन चुकीची फेड आणि तीन मुळात हवी होती ती, तर लेथ तासाभरात शांत झाला असता. पण ती भोकं म्हणजे माझी कबुली. म्हणून बावीस वर्षं त्या थरथरीवरच काम केलं. स्क्रूच्या बारीक आट्यांची कामं गेली, ती गेलीच. आता कबुली द्यायची तर हातात ड्रिल ठरत नाही.

धाकट्या, तुझी खूण बरोबर होती. पत्रं दोन पाठवली, पण हे त्यांत लिहायला धजलो नाही. दुसरं तर न उघडताच परत आलं.

६. त्याने लेथ नेला नाही तर भंगारात जावा. घड्याळजी आत्ता म्हणालेच, "काय कवी, नेणार कोण? किलोवर जाईल." मग हळूच म्हणाले, "हे तोंडाने सांगायचं होतं हो." होतं.

सही: मृत्युपत्र करणार.
साक्षीदार: समोरचे घड्याळजी, कोपऱ्यावरच्या दवाखान्यातले कंपाउंडर.
स्थळ: मागची शेड. दिनांक सात, सकाळी अकरा.

ता. क. सह्या वाळायच्या आत दार वाजलं, म्हणून हे खाली लिहितो. दारात पिकल्या केसांची एक बाई उभी होती. भुवया थेट धाकट्याच्या.

"काका ना? मी तुमची पुतणी. बाबा गेले, महिना झाला. शेवटी शेवटी सारखं म्हणायचे, दादाकडे जा आणि माझा हात नक्की कुठे चुकला, तेवढं विचारून ये."