थर्माकोलचा शनी

आवडी, चेन्नई, रविवार,
१० सप्टेंबर २००६

प्रिय ऊर्मी,

पुण्याहून तुझं पत्र आलं. त्यात दोन पानं आईसाठी आणि अर्धी ओळ माझ्यासाठी, 'बाबांना नमस्कार'. जूनपासून माझ्या वाट्याला एवढंच येतंय आणि तक्रार करायला मला तोंड नाही. फोन केला की 'हं' आणि 'बरं' या दोन शब्दांत तू माझी बोळवण करतेस आणि वर आईला द्या म्हणतेस. पत्रात ती सोय नाही, म्हणून आज लिहायला बसलोय. तुझी आई शेजारी त्रिपुरसुंदरी मामींकडे गेली आहे. मी काय लिहिणार आहे ते तिला ठाऊक आहे, तेव्हा चोरून लिहितोय असं समजू नकोस.

तुझ्याशिवायचा पहिला गणपती पार पडला. बुधवारी तळ्यावर विसर्जन केलं. आपल्या क्वार्टर्समधली निम्मी मराठी कुटुंबं आता बदली होऊन गेली, तरी मोदक नेहमीइतकेच संपले, कारण तामिळ शेजाऱ्यांनी ती जबाबदारी मनापासून उचलली. 'विज्ञानाचं वर्ष' हा आपला फळाही लावला. एका गणपतीपासून दुसऱ्या गणपतीपर्यंत जगानं नवं काय शोधलं ते तीन भाषांत लिहायचं, हा उद्योग आपण शहाऐंशी सालापासून करतोय. तू तेव्हा पाच वर्षांची होतीस आणि हॅलेच्या धूमकेतूला हिरवं शेपूट काढून बसली होतीस. मंडळाचे सेक्रेटरी कृष्णाजी ते पुसायला निघाले होते, मी पुसू दिलं नव्हतं. यंदा अक्षरं मीच लिहिली आणि रंगही मीच भरले. आयुष्यभर फॅक्टरीत मायक्रोमीटर धरून पुर्जे मोजले, पण 'धूलिकण' हा शब्द फळ्याच्या उजव्या काठावरून घसरला तो घसरलाच.

वर्ष मात्र काय भरगच्च गेलं म्हणून सांगू. जानेवारीत एका यानानं धूमकेतूची धूळ डबीत भरून पृथ्वीवर आणली. एप्रिलमध्ये उत्तर ध्रुवाकडच्या खडकांतून एक जुना मासा निघाल्याची बातमी आली, ज्याच्या परांना जवळजवळ मनगटं फुटली होती. तुझी आई म्हणाली, बिचारा अर्ध्यातच राहिला. जपानमध्ये उंदराच्या कातडीची वाढलेली पेशी घेऊन तिला पुन्हा जन्माआधीच्या पेशीसारखं करून दाखवलं. रशियातल्या एका गणितज्ञानं शंभर वर्षं अडून राहिलेलं कोडं सोडवलं आणि पदक द्यायला लागले तर नको म्हणाला. ते वाचून कृष्णाजी दोन दिवस अस्वस्थ होते, त्यांना अजून मंडळाचं श्रीफळही कुणी दिलेलं नाही. आणि बायकांच्या एका कॅन्सरवर लस निघाली. ती बातमी मी खाली, डाव्या कोपऱ्यात लिहिली होती. तुझ्या आईनं मला ती पुसायला लावून सगळ्यात वर लिहून घेतली. तुझी मावशी त्याच आजारानं गेली, हे मला आठवायला हवं होतं.

प्लुटोची गोष्ट तुला मीच सांगायला हवी, कारण ती कल्पना तुमची होती. जानेवारीत प्लुटोकडे यान निघालं आणि त्याच आठवड्यातल्या रविवारी श्रीहरी ते कात्रण खिशात घालून तांबरमहून आपल्याकडे आला. पोचायला साडेनऊ वर्षं लागणार, हे तो इतक्या आनंदानं सांगत होता की जणू गाडी पुढच्या स्टेशनावर आली आहे. यंदा नुसता फळा नको, अख्खी सूर्यमाला उभी करू, असं तुम्ही दोघांनी व्हरांड्यात बसून ठरवलंत. कॉलेजात तुम्ही एका बाकावर बसायचा हे मला माहीत होतं. एका कागदावर दोघं चित्र काढता हे त्या दिवशी पाहिलं. त्यानं शनीची कडी कुठल्या कोनात कलती ठेवायची ते सांगितलं, तू ते खोडलंस, त्यानं मान्य केलं. मी खुर्चीवर होतो. मला फक्त अक्षरांची उंची विचारलीत.

पुढचं तुला माहीत आहे, तरी लिहितो. त्याच्या वडिलांनी, राजगोपालांनी, पत्रिका मागितली. त्यांचं घराणं तंजावरचं, तीनशे वर्षं तिकडे राहिलेलं, त्यांचं मराठी मला अर्धं कळतं आणि अर्धं मी हसून निभावतो, पण पत्रिका म्हणजे पत्रिका, त्यात समजायला कठीण काही नव्हतं. मी मार्चमध्ये मैलापूरच्या ज्योतिषांकडे जाऊन आलो आणि संध्याकाळी घरी सांगितलं की जमत नाही, शनी आडवा येतो, मुलाच्या जिवाला धोका आहे. श्रीहरीच्या आईनं ते ऐकून अंथरूण धरलं. तू म्हणालीस, मला पत्रिकेचं काही नाही, पण ज्या घरात मला बघून सासूच्या छातीत धडकी भरेल तिथं मी कशी राहू. मग पुण्याच्या कॉलेजातली नोकरी घेतलीस, मोबाइलचा नंबर बदललास. सेंट्रलवर गाडी सुटताना तू खिडकीतून एवढंच म्हणालीस की बाबा, तुम्हीसुद्धा? घरी येईपर्यंत मी त्याचं उत्तर शोधत होतो. ते मिळालं नाही असं नव्हे, ते आधीपासून माझ्याकडे होतंच.

तरीही सूर्यमाला मी उभी केली. कृष्णाजींनी तुमचा कागद जपून ठेवला होता. मधोमध सूर्य, भोवती नऊ गोळे, सगळ्यात शेवटी तुझा टेबल टेनिसचा चेंडू म्हणजे प्लुटो. सगळं रंगवून वाळत ठेवलं आणि चोवीस ऑगस्टला तिकडे प्रागमध्ये शास्त्रज्ञांनी हात वर करून प्लुटोला ग्रहांतून काढून टाकलं. चतुर्थी तीन दिवसांवर. मंडळाची तातडीची सभा भरली. पेंट शॉपमधला सुब्बा म्हणाला, काढा तो चेंडू, चुकीचं दाखवायचं नाही. कृष्णाजी म्हणाले, गणपतीत घरी आलेल्या पाहुण्याला हाकलत नाहीत. शेवटी चेंडूच्या गळ्यात 'आजपासून बटुग्रह' अशी चिठ्ठी बांधली. मला तुझी इतकी आठवण झाली त्या सभेत. तू असतीस तर अर्ध्या तासात दोघांनाही रडकुंडीला आणलं असतंस.

आता खरी गंमत ऐक. चतुर्थीच्या संध्याकाळी त्रिपुरसुंदरी मामी दर्शनाला आल्या. गणपतीपुढे हात जोडले, मग मधला सूर्य आणि भोवतीचे नऊ गोळे बघून त्यांनी पदर कमरेला खोचला आणि प्रदक्षिणा घालायला सुरुवात केली. इकडच्या प्रत्येक देवळात नवग्रह असेच सूर्याभोवती मांडलेले असतात, त्यांची काय चूक. त्यांच्या मागून बाकीच्या बायका. दुसऱ्या दिवशी गुरूवर चाफ्याची फुलं होती आणि मंगळाला कुणीतरी लाल चिंधी नेसवली होती. राहू-केतू दिसत नाहीत अशी मामींची एकच तक्रार होती, ती त्यांनीच सोडवली, शेवटचे दोन तेच असणार. तेव्हा प्लुटोच्या गळ्यातली चिठ्ठी वाचून त्या माझ्यावरच उखडल्या, केतूला खाली उतरवणारे तुम्ही कोण? मी प्रागचं नाव सांगितलं. त्यांना ते सरकारी खातं वाटलं असावं, म्हणाल्या, अर्ज करा. मी हसत होतो, ऊर्मी. शनिवारपर्यंत मी मनापासून हसत होतो.

तुझ्या आईनं तुला एक गोष्ट कळवलेली नाही. मार्चपासून दर शनिवारी ती स्टेशनजवळच्या देवळात जाते. अनवाणी. नवग्रहांना नऊ फेऱ्या, मग शनीपुढे काळ्या चिंधीत बांधलेल्या तिळांच्या पुरचुंडीचा दिवा, आणि दिवसभर एकदाच जेवण. हे तिला मामींनी शिकवलं. साताऱ्याहून आलेली तुझी आई तीस वर्षांत जे शिकली नाही ते तिनं एका आठवड्यात शिकून घेतलं, कारण तुझ्या पत्रिकेतला शनी शांत व्हायला हवा होता. मी तिच्याबरोबर जायचो. बाहेर उभा राहून माझ्याच चपला सांभाळायचो, कारण आत जायची मला लाज वाटे. कारण काय, ते तिनं कधी विचारलं नाही. तिला वाटलं, माझा देवावर विश्वास नाही म्हणून.

असे चोवीस शनिवार झाले. पंचविसावा गणपतीत आला. आदल्या दिवशी एकवीस जणींसाठी मोदक वळायला बसून तिचा गुडघा सुजला होता, देवळापर्यंत चालणं अशक्य. मी म्हटलं, एक शनिवार राहू दे. ती तीळ बांधत राहिली. दुपारी मांडवात कुणी नसताना गेली आणि तुमच्या थर्माकोलच्या शनीपुढे पुरचुंडी पेटवून ठेवली. कडी तू सांगितलेल्या कोनात कलती होती, ज्योत बरोबर तिच्या खाली आली. मी पोचलो तेव्हा कडी वितळून टपटप गळत होती आणि काळा धूर निघत होता. कृष्णाजींनी हाताला लागेल ते पातेलं रिकामं केलं. त्यात प्रसादाचं ताक होतं. शनी विझला, गुरू भिजला, सुब्बा पोट धरून हसला, पोरं नाचली. तुझी आई तिथंच उभी होती, दोन बोटं भाजलेली, पदरावर ताक. ती एकटी हसत नव्हती. मी जवळ गेलो तर हळूच म्हणाली, बघा, माझा दिवासुद्धा त्यानं घेतला नाही, आता माझ्या पोरीचं कसं होणार. गेल्या एकतीस वर्षांत मी तिचा चेहरा असा पाहिला नव्हता. मी तिची बोटं पाण्यात धरली आणि तरीही, ऊर्मी, तरीही त्या दिवशी मी गप्प राहिलो. पुढचा आठवडाभर गप्प राहिलो.

काल सकाळी ती पुन्हा तीळ बांधायला बसली, भाजलेल्या बोटांनी, तेव्हा मात्र मला राहवलं नाही आणि मी तिला सांगितलं. आता तुला सांगतो. तुझी पत्रिका जुळत होती. बारा मार्चला मैलापूरच्या त्या म्हाताऱ्या ज्योतिषांनी तासभर मांडणी करून छत्तीसपैकी एकोणतीस गुण काढले आणि असं स्थळ सोडू नका म्हणाले. मी हेच सांगायला घरी निघालो होतो. गाडीत सारखे तुम्ही दोघं डोळ्यांपुढे येत होता, व्हरांड्यात, एका कागदावर वाकलेले. दार उघडून तुझ्या आईनं काय झालं विचारलं आणि माझ्या तोंडून निघालं, जमत नाही. का, म्हणाली. जिभेवर पहिला शनी आला. मग तो खरा वाटावा म्हणून मुलाच्या जिवाला धोका. दोन दिवसांनी खरं सांगू असं मनाशी म्हणालो, तोवर तिनं प्रामाणिकपणे त्याच्या आईला सगळं कळवलं होतं. श्रीहरीत मला एकही खोट काढता आली नाही, म्हणून मी ग्रहांत काढली. मला तू जायला नको होतीस, एवढंच त्याचं कारण. तुझ्या आईनं बांधलेले तीळ सोडून डब्यात परत ओतले. मग म्हणाली, आधी तांबरमला जाऊन त्यांना सांगा, मग पोरीला लिहा. मी गेलो. तिघांसमोर उभं राहून सांगितलं. त्याची आई रडली, राजगोपालांनी मला बसा म्हटलं नाही, ते बरोबरच केलं. श्रीहरी मला स्टेशनपर्यंत सोडायला आला. त्याचं अजून कुठं ठरलेलं नाही. गाडी यायच्या आधी त्यानं फक्त तुझा पुण्याचा नंबर मागितला. नंबर माझ्या खिशात होता. मी दिला नाही. तुझ्या वतीनं एकदा मी ठरवलं, त्याचं काय झालं ते आपण सगळेच भोगतोय. मी त्याला म्हटलं, आधी तिला विचारतो. तर विचारतोय, बाळ. तुला मला माफ करायचं की नाही ते राहू दे, त्याला वेळ लागू दे. एवढंच कळव, देऊ का?

तुझाच,
बाबा