वाळलं गवत हिरवं केलं

११ एप्रिल
संध्याकाळी नाल्यापलीकडे अस्वलीण दिसली, पाठीवर पिल्लू. फोटो घेतला. घरी कॉम्प्युटरवर पाहिला तर सगळं मेलेलं. पिवळं गवत, मळकं आभाळ. पिवळ्याचा हिरवा केला, कॉन्ट्रास्ट चढवला, मागचा खडक काळाठिक्कर. आता कसं! स्टेटसला टाकला. रोहिणखेडच्या आत्यानं विचारलं, पावसाळ्यातला का? उत्तर दिलं नाही. वाहवा चालू होती, कशाला मोडू?

१३ एप्रिल
मंदाला अस्वलानं फाडलं. माझी धाकटी जाऊ. सकाळी सरपणाला नाल्याकडे गेली होती. डोक्याची कातडी कपाळावर लोंबत होती. डावा डोळा... ओढणीनं गुंडाळलं, ओढणी लगेच भिजली. जीपमध्ये बुलढाण्यापर्यंत माझ्या मांडीवर. शुद्धीत होती. म्हणाली, "ताई, तुमच्या फोटोत तं हिरवंगार होतं. मले वाटलं जुना, पावसाळ्यातला हाय."


१४ एप्रिल
डोळा गेला. वनखात्याचे लोक आले, पिंजरा लावू म्हणाले. मंदाचा नवरा गजानन, माझा दीर, त्यांच्या अंगावर धावून गेला. चौघांनी धरला तेव्हा थांबला.

१५ एप्रिल
गजानन माणसं घेऊन आमच्या घरच्या फोटो स्टुडिओत. कुऱ्हाडी, पेट्रोलची कॅन. "वयनी, असली फोटो दाखवा. कोठी राह्यते ते पाह्यतो. जाळतो तिले."
मूळ फोटोत खडकातली कपार स्वच्छ दिसते. गावातलं शेंबडं पोरही जागा ओळखेल. नाही म्हटलं.
"काऊन? सोयरी हाय का ते तुमची?"
आमचे हे मध्ये पडले, त्यांच्या तोंडात बसली. मॉनिटर फरशीवर. मग मला काही दिसेना. ट्रायपॉड उचलला आणि घातला गजाननच्या कपाळात. भुवई फुटली. अजून एक घालणार होते, ह्यांनी हात धरला. मूळ फोटोचं मेमरी कार्ड तेवढा वेळ माझ्या तोंडात होतं, गालाशी.

१६ एप्रिल
खोटं कशाला लिहू, मलाही ती अस्वलीण मेलेली हवी आहे. मंदाचं तोंड आठवलं की वाटतं, पेट्रोल मीच ओतावं. पण कपारीत पिल्लूही आहे. आणि ही माणसं तिथं गेली तर ती आणखी कोणाला तरी फाडणार. रंग मी बदलला, चीड तिच्यावर काढतेय. लाज वाटते.

२२ एप्रिल
मंदाला घरी आणलं. अर्धं तोंड पट्टीत. गजानन दारात, भुवईला टाके. "आता तरी द्या, वयनी."
मंदा म्हणाली, "मले कोणी इचारलंच नाही."
तिला एकटीला मूळ फोटो दाखवला, कॅमेऱ्यावरच. उरलेल्या डोळ्याजवळ धरून बराच वेळ पाहत राहिली.
"जागा हेच का, ताई?"
"हीच."
"याच्यात रंग भरला नाही ना तुम्ही?"
"नाही गं."
"मंग खरं कशावरून मानू?"
कार्ड काढून तिच्या हातात दिलं. मूठ आवळून बसली आहे. बाहेर गजानन कुऱ्हाडीचा दांडा पायरीवर आपटतोय, तिला हाका मारतोय. हे लिहितेय तोवर तरी तिनं ते दिलेलं नाही.