पाठीची माती

आबा, मी ज्यूडो शिकायला लागलोय. नाव ऐकून तुम्ही म्हणाला असता, हे कोणतं औषध? जपानी कुस्ती म्हणा. वय सदतीस, गुडघे कुरकुरतात, आणि अंबडला शाळेच्या हॉलमध्ये आठवड्यातून तीन संध्याकाळी मी पडायला शिकतो. पहिला महिना फक्त पडायचंच असतं.

तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली. दुष्काळाच्या साली तुमची सूनही गेली. मी इथं एकटाच राहतो, कोर्टाच्या आणि बाजाराच्या बातम्या लिहितो आणि पाचच्या गाडीनं जालन्याला पाठवतो. पाकीट कंडक्टरच्या हातात दिलं की दिवसाचं बोलणं संपतं. त्याच कंडक्टरनं एकदा पाकीट घेता घेता विचारलं, "साहेब, खोलीवर बसून काय करून राह्यले? शाळेत या. ड्रिलमास्तर पडायचं शिकवून राह्यलेत." मी म्हणालो, पडायला शिकावं लागतं का? तो म्हणाला, "आल्यावर कळंल."

जिनिंगमधला टाकाऊ कापूस भरलेली पोती, त्यावर ताडपत्री, ही आमची गादी. अंगात शिंप्यानं दुहेरी मांजरपाटाचा शिवलेला कोट. मास्तरांनी सांगितलं, पाठीवर पडायचं, हनुवटी छातीला लावायची आणि पडताना तळहातानं जमिनीवर चापट मारायची. सगळ्यांना जमलं. मला जमेना. परतीच्या गाडीनं येऊन कोट चढवलेल्या कंडक्टरनं मला उचललं की मी हवेतच वळायचो आणि कोपरावर आदळायचो. तीन आठवड्यांत कोपर सुजून वांग्याएवढं झालं. "पडा की साहेब," कंडक्टर म्हणाला, "जमीन काय सुटून चालली न्हाई." मास्तर मात्र हसले नाहीत. "तुमच्या घरी कुणी पैलवान होतं का?" त्यांनी विचारलं. "तुम्ही पाठ लपवताय. असंच चाललं तर हात मोडेल. मग मी तुम्हाला इथं येऊ देणार नाही."

घरी कोण होतं, हे मी सांगितलं नाही. पण त्या संध्याकाळी खोलीवर कोपराला हळद लावताना तुमचा आवाज येत होता. पहाटे आखाड्यात मला उभं करून तुम्ही म्हणायचात, "काय बी होऊ दे, पाठीला माती लागू द्यायची न्हाई. बराबर?" मी म्हणायचो, बराबर. आणि मग पिंपळगाव रेणुकाईच्या कुस्त्या. मी नऊ वर्षांचा, पहिल्या रांगेत. तुमच्या निम्म्या वयाचा गडी तुम्हाला चीत करतो, लोक त्याला खांद्यावर घेतात आणि तुम्ही सदरा हातात घेऊन बाहेर येता. घरच्या वाटेवर तुम्ही पुढे, मी मागे. तुमच्या उघड्या पाठीवर माती तशीच आहे, घामानं ओली झालेली, दोन्ही खांद्यांवर. ओढ्यापाशी तुम्ही थांबता आणि मागे न बघता म्हणता, "पाठ झटक रे जरा. तुझी माय बघंल."

मी तुमच्या मागे पाचच पावलांवर होतो. मी बाभळीच्या शेंगा वेचायला लागलो. तुम्ही थोडा वेळ उभे राहिलात. मग विचारलं, "ऐकू आलं न्हाई का?" मी म्हणालो, "न्हाई." तुम्ही "बरं" म्हणालात आणि सदरा तसाच मातीवर चढवून चालायला लागलात. त्यानंतर तुम्ही आखाड्यात उतरला नाहीत, आणि मलाही कधी उतरवलं नाहीत.

परवा कंडक्टरनं मला पुन्हा उचललं. मास्तर बाजूला उभे होते. हे शेवटचंच, नाही जमलं तर येणं बंद, असं मी मनाशी धरलं होतं, आणि या वेळी वळलो नाही. पाठ सपाट टेकली, तळहाताची चापट वाजली, आणि काहीच दुखलं नाही. मी छताकडे बघत पडून राहिलो. "उठा साहेब, झोपले का काय," असं म्हणत कंडक्टरनं हात देऊन उठवलं, मला वळवलं आणि न विचारता माझी पाठ झटकली. तीन-चार वेळा, बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा हात. मग तो दुसऱ्या गड्याकडे गेला. मी तिथंच उभा राहिलो. तुमची सून गेल्यापासून माझ्या पाठीला कुणाचा हात लागला नव्हता.

आजचं पाकीट पाचच्या गाडीनं गेलं. हा कागद त्यात घातला नाही, घालून तरी कुठं उतरवणार? एवढंच सांगायचं होतं, आबा. त्या दिवशी ओढ्यापाशी मला ऐकू आलं होतं.