मागाच्या खडखडाटात न ऐकलेलं गाणं

इचलकरंजी,
मार्च २००४

प्रिय संघप्रिया,

जय भीम. तू जिवंत आहेस यावर इकडं कुणाचा विश्वास बसायचा नाही. आमच्या गल्लीतल्या गप्पांत तू विहिरीत उडी घेतलीस, तिकडं शिवाजी पेठेत म्हणे रक्ताची उलटी होऊन गेलीस. तुझ्या गाण्याचं तिसरं कडवं लागलं की घरातली लाईट जाते, असं शेजारच्या शालूबाई सांगत होत्या. मी म्हटलं, आमची तर रोजच जाते, गाणं न लावता. पण हसू टिकलं नाही गं. या सगळ्या कथा शेवटी आमच्या प्रसेनजीतदादापाशीच येतात: कारखान्यात मागावर ते गाणं ऐकता ऐकता पोरगा जागीच गेला.

तू माझी वहिनी होणार होतीस. जलशात तुझं ते गाणं ऐकलं तेव्हाच दादा खुळा झाला होता. मग कॅसेट निघाली, रिक्षारिक्षात वाजली. आणि तो गेल्यावर तू चंदगडला मास्तरीण होऊन निघून गेलीस. तिथं शाळेच्या प्रार्थनेलाही तू तोंड उघडत नाहीस, असं कळलं. फार वाईट वाटलं.

आई गुरुवारी गेली. अंत्ययात्रेला दादाचा मागावरचा जोडीदार जोतीराम आला होता. मला बाजूला घेऊन रडत म्हणाला, "ताई, मागाच्या स्टार्टरची वायर उघडी हुती, तिचाच शॉक बसला त्याला. मालकाला सांगितलंतं आमी. टेप तर बंदच हुता की." कॅसेटची आवई मालकानंच उठवली, गाण्यावर कोण फिर्याद करणार? आणि आपण सगळे येडे! अगं, मीही त्याच कारखान्यात सुताच्या कांड्या भरायची. माग सुरू झाले की शेजारच्याची हाक ऐकू येत नाही, पाणीसुद्धा खुणेनं मागावं लागतं. तिथं गाणं कुठलं ऐकू यायला? अख्ख्या गावाला हे ठाऊक, तरी गाणं वाईट म्हणून सगळे मोकळे झाले. माझा नुसता संताप होतो.

आईनं मात्र तुला कधी बोल लावला नाही. अंथरुणावरून म्हणायची, "त्या पोरीला बोलवा की. तिचं गाणं ऐकायचं हाय मला." मला वाटलं, अजून वेळ आहे.

येत्या रविवारी आईच्या नावानं पुण्यानुमोदनाचा विधी आहे. गायनपार्टी सांगितली आहे, पण शेवटचं गाणं तू म्हणायचंस, तेच. लोक उठून जातील कदाचित. जाऊ देत. माझी दोन्ही पोरं मी पहिल्या रांगेत बसवणार आहे, अगदी तुझ्यासमोर.

तुझीच,
अंजना