वाकडा टाका

लीड्स, १० जानेवारी २००७

याडी, माहे माय, तुह्या पायावर डोकं ठेवतो.

मी बरा आहो. थंडी लय हाये, पण तू देल्लेलं कांबळं पुरते. कापूस वेचून झाला काय? शेजारचा संजय तुले हे पत्र हळूहळू वाचून दाखवन.

तू सुईदोऱ्यानं भरलेली थैली मी इकडे आणली होती. नजर लागू नये म्हणून तू कोपऱ्यात एक टाका मुद्दाम वाकडा घालते ना, तीच. इथले लोक दुकानात वस्तू कायले घेतात, हाच माहा अभ्यास. म्हणून आमच्या सरांनी ती थैली मागून नेली, गिऱ्हाइकांना दाखवली. लोक त्या वाकड्या टाक्यावरच भाळतात, असं मीच लिहून देल्लं.

काल एका मोठ्या दुकानात तशाच थैल्या टांगलेल्या दिसल्या. मशीनवर शिवलेल्या. सगळ्यांवर तोच टाका, तितकाच वाकडा. सर त्या दुकानाचे सल्लागार हायेत, हे मले कोणी सांगतलंच नव्हतं. जाब विचारला तं हसले. म्हणे, "शोध तुझाच आहे."

तू काळजी करू नको, मी पोटभर जेवतो. फक्त एक कर. नवी थैली भरशील, तं वाकडा टाका कुठं घातला ते मले सांगू नको.

तुहा लेक,
देवीलाल