मेलेल्याने बोलायचं नाही

३ मार्च, रविवार
आजपासून रोजनिशी. इतिहास घडत असताना कुणीतरी लिहून ठेवायला हवं.

मेहुण्याने आज आमच्या गेमच्या नियमपुस्तकाची तिसरी आवृत्ती आणली. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं. बारा वर्षं दर रविवारी माझ्या डायनिंग टेबलावर आम्ही चौघं फासे टाकत, आपापलं पात्र होऊन साहसकथा खेळतो: मेहुणा योद्धा, दातांची डॉक्टर जादूगारीण, इलेक्ट्रिशियन (याला सगळे फेज म्हणतात) चोर. मी गेम-मास्टर, गेम चालवणारा, म्हणजे उरलेलं सगळं जग. बारा वर्षं दुसरी आवृत्ती आणि एक तक्रार नाही. मेहुण्याच्या धरायच्या नाहीत. तो आमच्या लग्नातही तक्रारच करत होता.

भाऊजी, एकदा खेळून तर बघू, म्हणाला. मी पुस्तकाला हातही लावला नाही.

संकल्प: तिसऱ्या आवृत्तीवर सडकून लेख लिहिणे. ती वाचायची नाही. वाचल्याने मत बिघडतं.

५ मार्च, दुपार
ऑफिसात लेख सुरू. शीर्षक: 'अधःपतन'. साहेब मागे कधी येऊन उभे राहिले कळलं नाही. पाण्याच्या मीटरच्या तक्रारींत ड्रॅगन कुठून आला, असं विचारलं. ग्राहकाचे शब्द आहेत म्हणून सांगितलं.

१० मार्च, रविवार
विसाव्या मिनिटाला मेहुण्याचा योद्धा पुलावरून पडून मेला. नियमाप्रमाणे गप्प बसवला. दुसऱ्या आवृत्तीचा आत्माच हा: मेलेल्याने बोलायचं नाही, गेम संपेपर्यंत. तीन तास बसला बिचारा वेफर्स खात. तिसरीत म्हणे मेलेला भूत होऊन सल्ले देतो. म्हणजे मरणाला काही किंमतच उरली नाही.

फेज म्हणाला, दादा, मेलो की तुमचं कॅलेंडर वाचत बसतो, आता पाठ झालंय. चांगलंच आहे. वाचन कमी आहे त्याचं.

१३ मार्च
बायकोने विचारलं, ही माणसं गेमसाठी येतात की तुमच्यासाठी? अर्थात गेमसाठी, मी म्हटलं. मग गेम दुसरीकडे मिळाला तर, असं म्हणून ती कपड्यांच्या घड्या घालायला लागली. उत्तराची वाट पाहिली नाही, म्हणजे पटलं असावं.

१७ मार्च, रविवार
डॉक्टरला अचानक पेशंट. फेजकडे एका इमारतीची लाइट गेलेली. मेहुण्याला ताप. तिन्ही एकाच दिवशी, काय योगायोग! मी एकटाच टेबल मांडून बसलो. सराव हवाच.

चार वाजता गॅलरीतून पाहिलं, फेजच्या स्कूटरवर मागे बसून मेहुणा डॉक्टरच्या दवाखान्याकडे चाललेला. तापात डॉक्टरकडे जावंच. दातांची असली तरी डॉक्टरच ती.

२१ मार्च
बायकोने सांगून टाकलं. तिघं दवाखान्याच्या वेटिंग रूममध्ये तिसरी आवृत्ती खेळतात. तिला पहिल्यापासून माहीत होतं.

वाईट वाटलं. खरं लिहायचं तर जेवण गेलं नाही.

संकल्प: रविवारी जाहीर वाद. पुस्तक पुढ्यात ठेवून. हरेल त्याने दुसऱ्याची आवृत्ती खेळायची. तिघांनाही मेसेज केला. तिघांनीही फक्त अंगठा पाठवला. घाबरलेत.

२३ मार्च
दुसऱ्या आवृत्तीचं पुस्तक काढलं. सगळं तोंडपाठ असल्याने बऱ्याच वर्षांत उघडायची वेळ आली नव्हती. काही पानं चिकटलीत. मेलेल्याने गप्प बसायचा तो नियम पटकन सापडला नाही. आहे तो, कुठे जातोय.

२४ मार्च, रविवार
माझं भाषण उत्तम झालं. मग डॉक्टरने चष्मा लावला आणि एकेक दात तपासावा तशी पानं तपासली. नियम नाही. उलट पान अठ्ठ्याऐंशीवर आहे की मेलेल्याला दहा मिनिटांत नवं पात्र द्यावं, कुणाला ताटकळत ठेवू नये.

शेवटच्या कोऱ्या पानावर मात्र पेन्सिलीने लिहिलेलं होतं: मेलेल्याने बोलायचं नाही. खाली बारा वर्षांपूर्वीची तारीख. अक्षर माझं.

मेहुण्याला लगेच आठवलं. तो पहिला रविवार. तो मेला होता आणि मेल्यावर माझ्या चुका काढत होता.

म्हणजे आपण दुसरी आवृत्ती कधी खेळलोच नाही, डॉक्टर म्हणाली. छापायची राहिली असेल, मी म्हटलं. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

२८ मार्च
मेहुण्याचा फोन. भाऊजी, रविवारी या. खेळायला, चालवायला नाही, चालवणार डॉक्टर. विचार करून कळवतो, असं ठणकावून सांगितलं. मग फोन ठेवायच्या आत हो म्हटलं.

३१ मार्च, रविवार, संध्याकाळ
तिसरी आवृत्ती. माझा धर्मयोद्धा, पाच पानी पूर्वेतिहासासह. पूर्वेतिहास वाचायची वेळ यायच्या आत पूल आला. अकराव्या मिनिटाला मेलो.

सवयीने गप्प बसलो. समोर दातांचा तक्ता. खालच्या दाढा पाठ झाल्या, वरच्या अर्ध्या. बारा वर्षं फेज कसा बसला असेल, कोण जाणे.

तासाभराने मेहुणा म्हणाला, भाऊजी, बोला की, यात चालतं. तिघंही खेळ थांबवून माझ्याकडे बघत होते. मला पुलाबद्दल बरंच म्हणायचं होतं. तोंडून निघालं ते भलतंच. पुढच्या रविवारी पण येऊ का, असं विचारलं.

चारला या, डॉक्टर म्हणाली. पेन्सिल घरी ठेवून या.