वळणावरचा भात

३ जानेवारी
बारवीच्या रस्त्यावर, वळणाशी, वानरीण गाडीखाली मेली. रस्ता रुंद करताना दोन्हीकडची झाडं गेली. फांदीवरून फांदीवर जाणारा कळप आता डांबरावरून जातो! पिल्लू वाचलं. कळपातल्या दुसऱ्या मादीने ते उराशी धरलंय. पाड्यावरचा चांगो म्हणाला, "मारुतीचं मानूस गेलं. दहावा करायचा. तुम्ही संस्कृतवाले, मंत्र तुम्हीच म्हना, गुरुजी." बातमीला गेलो, भटजी होऊन परतलो. घरी बायकोने, वृंदाने, विचारलं, "दक्षिणा ठरवलीत का?"

१२ जानेवारी
दहावा. वळणावरच भाताचा पिंड मांडला. कावळा फिरकेना. चांगो कानाशी — "हिची काय इच्छा ऱ्हायली असंल?" सुचलं ते बोललो — "पिल्लाचं बघू, असं सांग." त्याने हात जोडले. "बाई, तुझ्या पोराला उपाशी ठेवनार नाय." आणि झाडीतून तीच दुसरी मादी उतरली, पिल्लू पोटाशी, आणि भात उचलला! चांगोची बायको भिकी रडली. मी चष्मा पुसला. धूर फार होता.

२० जानेवारी
भिकी रोज वळणावर भात ठेवते. 'वानरांनी शिवला पिंड' — माझी बातमी गाजली. आता बदलापूर-अंबरनाथच्या गाड्या थांबतात. केळी, वेफर्स, सेल्फी. कळप दिवसभर रस्त्यावरच.

५ फेब्रुवारी
वानरांच्या वाटेसाठी वनखात्याला केलेल्या माझ्या अर्जांना यश! रस्त्यावरून, या झाडापासून त्या झाडापर्यंत, दोराचा पूल बांधला. वानरं ढुंकून बघत नाहीत. वरून कोण जाईल? पंगत खाली आहे! वनरक्षक संध्याताई म्हणाल्या, "सर, आधी भात बंद करा. पानं खाऊन जगतात ती. उपाशी नाही मरणार."

६ फेब्रुवारी
चांगोशी बोललो. "मेलेल्याला दिलेला शब्द हाय, गुरुजी. आनि सांगितलं कोनी? तुम्हीच ना?" मीच. असा शब्द मोडायची सोय शास्त्रात कुठे आहे का, दुपारभर पोथ्या चाळल्या. ती नसेल तर आपणच रचावी, इतकं संस्कृत येतं मला. रविवारी जाऊन ठामपणे सांगतो. उद्या शनिवार, मारुतीचा वार; गर्दीत कोण ऐकणार?

७ फेब्रुवारी
भिकीचा फोन. "पिल्लू गेला, गुरुजी. गाडीखाली. भाताजवलच." मग —
"आता सुटला का आमचा शब्द?"